दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग

चर्चच्या कमिटीत पगाराचा विषय निघाला की बोलण्याचा सूर बदलतो. छपराची दुरुस्ती, नवी ध्वनियंत्रणा, सणाची तयारी यांवर सगळे आकड्यांत बोलतात. कचेरी सांभाळणाऱ्या ताईंचा, राखणदाराचा किंवा युवकांत काम करणाऱ्या तरुणाचा पगार आला, की आकडे मागे पडतात आणि पाचारण, समर्पण, त्याग हे शब्द पुढे येतात. "ही काय नोकरी आहे? ही तर सेवा आहे," असं कुणीतरी मनापासून म्हणतं. म्हणणारा माणूस वाईट नसतो. पुष्कळदा तो स्वतः वर्षानुवर्षं एक पैसा न घेता मंडळीसाठी, म्हणजे चर्चच्या समाजासाठी, राबलेला असतो, आणि म्हणूनच त्याच्यापुढे काही बोलणं जड जातं.

मी पाळक आहे आणि माझ्या हाताखाली पगारी माणसं काम करतात. या नात्याविषयी मला सर्वांत खात्रीने जे वाटतं ते एवढंच आहे : त्याग फक्त स्वतःच्या वाट्याचा करता येतो. माझा पगार, माझी सुट्टी, माझा मान मी सोडू शकतो. सहकाऱ्याचा पगार त्याच्या वतीने सोडण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. तो मी सोडला, तर मी काहीच दिलेलं नसतं. त्याच्याकडून घेतलेलं असतं.

अशा वेळी आरंभीच्या मंडळ्यांचा प्रेषित पौल याचं नाव हमखास निघतं. तो तंबू शिवून पोट भरायचा, मंडळ्यांवर ओझं घालायचा नाही. खरं आहे. पण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय सुरुवातीपासून वाचावा. आपण काही घेतलं नाही हे सांगण्याआधी पौल घेण्याचा हक्क किती पक्का आहे हे एकामागून एक दाखले देत सिद्ध करतो. स्वतःच्या खर्चाने लढाईला कोण जातो? द्राक्षमळा लावून त्याचं फळ कोण खात नाही? कळप पाळणारा दूध पीत नाही का? मळणीच्या बैलाला मुसकी बांधू नये हे मोशेचं नियमशास्त्रही तो पुढे करतो. मंदिरात सेवा करणारे मंदिरातलंच खातात, हेही सांगतो. एवढी भक्कम बाजू मांडल्यावर तो म्हणतो की मी हा हक्क वापरलेला नाही. कमिटीत आपण शेवटचं वाक्य उचलतो आणि आधीचा सगळा युक्तिवाद विसरतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, दुसऱ्यांच्या मोबदल्याचा प्रश्न येतो तेव्हा, तोच मळणीचा बैल पुन्हा येतो आणि कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे असं ठामपणे लिहिलेलं आहे. पौलाने हक्क सोडला तो स्वतःचा. दुसऱ्यांचा हक्क मात्र त्याने लढून मांडला.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो तो बायबलमधला लाबान. त्याचा भाचा याकोब त्याच्या घरी येतो, महिनाभर राबतो, आणि मग लाबान जे म्हणतो ते खरं तर कुठल्याही मालकाने म्हणावं असं आहे : तू माझा नातलग आहेस म्हणून काय माझी चाकरी फुकट करावीस? तुझं वेतन काय ते सांग. इतकी चांगली सुरुवात. पुढे वीस वर्षं काय झालं ते उत्पत्ती या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात याकोब स्वतः सांगतो. वेतन दहा वेळा बदललं. जनावराने फाडलेलं मेंढरू त्याने आपल्या अंगावर घेतलं. चोरी दिवसा होवो की रात्री, भरपाई त्यालाच करावी लागली. दिवसा ऊन, रात्री थंडी, आणि डोळ्याला डोळा नाही. हे सगळं चाललं होतं ते मामा-भाच्याच्या, सासरा-जावयाच्या नात्यात.

"आपण एक कुटुंब आहोत" हे वाक्य मंडळीत आपण रोज म्हणतो, आणि मला ते प्रिय आहे. पण पगार देणाऱ्याच्या तोंडी ते आलं की मी सावध होतो. कारण कुटुंबात हिशेब मागणं उद्धटपणाचं वाटतं. गाण्याच्या प्रती काढायला खिशातून गेलेले पैसे, आजारी सभासदाला भेटायला जाण्याचं भाडं, मंडळीच्या कामासाठी स्वतःच्या फोनवरून केलेली बोलणी, हे सगळं कर्मचारी गिळतो, कारण मागितलं तर आपण परके ठरू असं त्याला वाटतं. फाडलेल्या मेंढराची भरपाई आजही अशीच होते, मुकाट्याने. त्याने मागावं अशी वाट न बघता दर महिन्याच्या शेवटी खर्चाचा कागद आपणहून पुढे करणं हे प्रमुखाचं काम आहे. "काही खर्च झाला का?" या प्रश्नाला लाजाळू माणूस "नाही" म्हणतो. "या महिन्यात भेटींना कितीदा गेलात, भाडं किती पडलं?" असं विचारलं की तो सांगतो.

पगाराच्या तारखेबद्दल पवित्र शास्त्र जितकं काटेकोर आहे तितके आपण नाही. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको, असं लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. बायबलच्या अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात त्याचं कारणही दिलंय : सूर्य मावळण्याआधी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत गुंतलेला आहे. नव्या करारातल्या याकोबाच्या (हा लाबानाचा भाचा नव्हे) पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती हाक सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. या वचनांवर उपदेश करणाऱ्या मंडळीत "या महिन्यात अर्पण कमी जमलं, पुढच्या आठवड्यात बघू" असं म्हटलं जाऊ नये. विजेचं बिल आपण थकवत नाही, कारण वीज तोडली जाते. कर्मचारी गप्प राहील याची खात्री असते म्हणून त्याचं थकतं. ज्याच्या सहनशीलतेची खात्री आहे त्यालाच आधी थांबवायचं, हा अन्याय आहे, आणि तो देवाच्या घरात होतो म्हणून हलका होत नाही.

येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्याचा वापरही असाच होतो. "प्रभूच्या मळ्यात उशिरा आलेल्यालाही तेवढंच मिळालं, मग तुम्ही तुलना कशाला करता?" असं म्हणून पगारातल्या तफावतीचं तोंड बंद केलेलं मी ऐकलं आहे. तो दाखला कृपेविषयी आहे, वेतनश्रेणीविषयी नाही. तरी त्यातला मालक कसा वागतो ते पाहण्यासारखं आहे. सकाळी आलेल्यांशी तो एक दीनार ठरवतो आणि तेवढा देतोच. संध्याकाळ होताच कारभाऱ्याला बोलावून सर्वांची मजुरी चुकती करायला लावतो. शेवटच्यांना जास्त देतो ते स्वतःच्या पैशांतून. पहिल्यांचं कापून नव्हे. आणि कुरकूर करणाऱ्याला हाकलून न देता "मित्रा" म्हणून उत्तर देतो. इतका नेकीचा मालक पुढे करून कुणाचा पगार कमी ठेवण्याचं समर्थन करता येत नाही.

बायबलच्या नहेम्या या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायातला प्रसंग मी नव्या कमिटी सदस्यांना वाचून दाखवतो. यहूदाचा राज्यपाल नहेम्या यरुशलेमेत परत येतो तेव्हा त्याला कळतं की लेव्यांचे, म्हणजे मंदिरसेवकांचे, वाटे दिले गेलेले नाहीत. गाणारे आणि सेवा करणारे मंदिर सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेलेत. तिथे मी असतो तर मोह झाला असता : पळून गेलेल्यांना निष्ठेविषयी चार शब्द सुनवावेत. नहेम्या त्यांना एका शब्दानेही बोलत नाही. तो अधिकाऱ्यांना धरतो. देवाचं घर असं का सोडून दिलंत, हा त्याचा प्रश्न त्यांना आहे. मग तो लेव्यांना परत आणून त्यांच्या जागी उभं करतो, आणि कोठारांवर विश्वासू ठरलेली माणसं नेमतो, नावानिशी. त्यात याजक आहे, शास्त्री आहे, लेवी आहे. वाटप एकट्याच्या हाती नाही. एखादी चांगली कर्मचारी नोकरी सोडून गेली की "तिची ओढ जगाकडे होती" असं म्हणण्याआधी मंडळीने हा अध्याय वाचावा.

आता खरी अडचण. पुष्कळ मंडळ्या लहान असतात आणि पैसे खरोखरच नसतात. मग काय करायचं? माझं उत्तर सरळ आहे : जितके पैसे तितकंच काम मागावं. अर्ध्या पगाराच्या पदावर पूर्ण वेळ राबवून घ्यायचं आणि उरलेल्या अर्ध्याला समर्पण म्हणायचं, हे खोटं आहे. आठवड्याला वीस तासांचा पगार देणं परवडत असेल तर वीस तासांचं काम लिहून द्यावं, आणि एकविसाव्या तासाला फोन करताना आपण ठरल्यापेक्षा जास्त मागतोय हे आपल्याला कळलं पाहिजे. त्यावर कर्मचारी बाईने आनंदाने जास्त केलं तर ती तिची देणगी. तिचे आभार तसेच मानावेत. कपात करावी लागली तर ती आकड्यांसह, वेळेवर आणि समोर बसून सांगावी, आणि पहिली कपात प्रमुखाच्या मानधनात व्हावी.

सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठनियमात मठाच्या कोठाऱ्याविषयी एक अध्याय आहे. बंधूंना त्यांचा ठरलेला वाटा तोरा न दाखवता आणि उशीर न करता द्यावा, असं त्यात लिहिलं आहे. देण्यासारखं काही नसेल तर निदान चांगला शब्द द्यावा. जे मागायचं आणि जे द्यायचं ते योग्य वेळी व्हावं, म्हणजे देवाच्या घरात कुणी अस्वस्थ होणार नाही, कुणी दुःखी होणार नाही. मला यातलं "योग्य वेळी" फार महत्त्वाचं वाटतं. नकार देण्यानेही माणूस तितका खचत नाही, जितका "बघू" म्हणून महिनोन् महिने टांगणीला लावल्याने खचतो.

पैशांपेक्षा अवघड भाग यापुढे आहे. चर्चमधल्या कर्मचाऱ्याचा जो साहेब असतो तोच त्याचा पाळकही असतो. मी त्याच्या रजेच्या अर्जावर सही करतो, त्याच्या मुलीचं लग्न लावतो, त्याच्या आईच्या अंत्यविधीला प्रार्थना करतो. त्याची मुलं आमच्याच संडेस्कूलला येतात, त्याचे मित्र याच बाकांवर बसतात, कधी त्याचं घरही चर्चच्याच आवारात असतं. दुसरीकडे नोकरी करणाऱ्या सभासदावर अन्याय झाला तर तो माझ्याकडे येतो, रडतो, मी त्याच्याबरोबर प्रार्थना करतो. पण अन्याय माझ्याकडूनच झाला, तर या माणसाने कुणाकडे जायचं? आणि नोकरी गेली, तर एकाच आठवड्यात पगार, घर, उपासनेची जागा आणि मैत्र, सगळंच जातं. एका माणसाच्या हाती दुसऱ्याची इतकी सत्ता क्वचित असते. ती आपण वापरत नाही असं प्रमुखाला वाटतं. पण समोरच्याला ती प्रत्येक संभाषणात दिसत असते.

म्हणून आमच्याकडे कर्मचाऱ्यांसाठी शेजारच्या मंडळीतल्या एका ज्येष्ठ सेविकेला विनंती केली आहे. त्यांना कुणीही केव्हाही भेटू शकतं, आणि काय बोलणं झालं हे मी विचारत नाही. दुसरं असं की कुणी मन मोकळं करायला आलं की मी आधीच विचारतो, "हे पाळकाला सांगताय की कचेरीच्या प्रमुखाला?" पाळकाला सांगितलेलं कर्ज, घरातलं भांडण, मनावरचं मळभ हे कामाच्या आढाव्यात येत नाही, कमिटीच्या कानावर जात नाही, आणि प्रार्थनेच्या विनंतीचं रूप घेऊन मंडळीतही फिरत नाही. एखाद्या मुलाच्या किंवा कुणाच्याही जिवाला धोका असेल तर मात्र मी गप्प राहू शकणार नाही, हेही ऐकण्याआधी सांगतो. हा प्रश्न विचारायला कसंतरी वाटतं. पण तो न विचारता ऐकून घेणं आणि सहा महिन्यांनी तेच "मानसिकदृष्ट्या कामाला पेलत नाही" म्हणून नोंदवणं, हा विश्वासघात आहे. तो इतरत्र एका बाईंच्या बाबतीत झालेला मी जवळून पाहिला आहे. त्या बाईंनी त्यानंतर कुठल्याच पाळकाजवळ तोंड उघडलं नाही.

देवाचं नाव घेऊन निर्णय सांगण्याविषयीही मला कळकळीने बोलायचं आहे. "आम्ही पुष्कळ प्रार्थना केली आणि प्रभूने दाखवलं की तुमची इथली सेवा संपली आहे." या वाक्यापुढे माणूस काय बोलणार? कमिटीशी वाद घालता येतो, देवाशी कसा घालायचा? खरं कारण असतं की पैसे कमी पडले, किंवा दोन जणांचं पटत नाही, किंवा काम समाधानकारक झालं नाही. मग तेच सांगावं : "आम्ही ठरवलं आहे, कारण असं आहे, चूक असेल तर ती आमची." कुणी म्हणेल, आरंभीच्या मंडळीच्या पुढाऱ्यांच्या यरुशलेमेच्या सभेने नाही का लिहिलं की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला हे योग्य वाटलं? लिहिलं. पण प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय पाहा : त्याआधी पुष्कळ वादविवाद झाला, विरुद्ध मताचे लोकही उठून बोलले, पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल यांनी हकिकत सांगितली, याकोबाने निष्कर्ष मांडला. ज्याचं भवितव्य ठरतंय त्याला खोलीबाहेर ठेवून घेतलेल्या निर्णयाला हे वाक्य लावता येत नाही.

तक्रारींचंही तसंच. "काही लोकांना वाटतं की तुम्ही हल्ली नीट लक्ष देत नाही." हे ऐकलेली व्यक्ती पुढच्या रविवारी प्रत्येक चेहऱ्याकडे संशयाने बघते. कोण, काय, केव्हा हे सांगायला जो तयार नाही त्याची तक्रार मी पोचवत नाही. आधी एकट्याने जाऊन बोला, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातलं सांगणं सभासदांना जसं लागू आहे तसं त्यांच्या पाळकालाही आहे. आणि कमिटीच्या निर्णयामुळे लोक नाराज झाले तर कचेरीतल्या ताईंना ढाल म्हणून पुढे करू नये. निर्णय ज्याचा, बोलणी त्याने खावीत.

विश्रांतीचा मुद्दा थोडक्यात. अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा आहे आणि तिच्यात दास-दासींचा वेगळा उल्लेख आहे : त्यांनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा. रविवारी सगळ्यांचा विसावा ज्यांच्या कामावर उभा असतो त्यांना दुसरा एक पूर्ण दिवस हवा, आणि त्या दिवशी "एकच मिनिट" म्हणून फोन नको. मोठ्या सणांनंतरचे दिवस त्यांच्या रजेसाठी आधीच राखून ठेवावेत.

कायद्याचा धाक इथे कधी कधी कमी पडतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली एकमताने निर्णय दिला की धर्मसेवक ठरणाऱ्या व्यक्तीला नोकरीतल्या भेदभावाबद्दल आपल्याच धर्मसंस्थेवर दावा चालवता येणार नाही. चर्चने आपले सेवक स्वतः निवडावेत हे मला पटतं. पण जिथे न्यायाधीश येऊ शकत नाही तिथे आपला न्याय अधिक कडक असायला हवा. कॅथॉलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतलं १२८६ वं कलम मला म्हणून आवडतं : चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्यांनी कामगारांविषयीचे देशाचे कायदे काटेकोर पाळावेत, आणि कामकऱ्याला स्वतःच्या व घरच्यांच्या गरजा भागतील असं न्याय्य वेतन द्यावं. त्याआधी १९७१ साली कॅथॉलिक बिशपांच्या सिनॉडने, म्हणजे सभेने, म्हटलं होतं की लोकांशी न्यायाविषयी बोलू पाहणाऱ्याने आधी त्यांच्या नजरेत न्यायी असलं पाहिजे. मी कॅथॉलिक नाही, पण आमच्या नियमावलीत हे दोन्ही मुद्दे आम्ही आमच्या शब्दांत लिहून घेतले आहेत.

राहता राहिला निरोप. कुणाला कामावरून कमी करायचं असेल तर ते त्याला आश्चर्य वाटेल अशा रीतीने होऊ नये. चार वर्षं "छान चाललंय" म्हणायचं आणि पाचव्या वर्षी एका दुपारी सगळ्या उणिवा वाचून दाखवायच्या, यात प्रेम नाही. उणीव दिसली त्याच आठवड्यात, एकांतात, नेमक्या शब्दांत बोलावं, आणि सुधारायला खरोखरचा अवधी द्यावा. गोड शिफारसपत्र देऊन त्याला दुसऱ्या मंडळीकडे ढकलू नये. ते त्या मंडळीशी केलेलं खोटं असतं. आणि गैरवर्तनाचा प्रश्न असेल तर तिथल्या मुलाबाळांशीही. त्याच वेळी रागाच्या भरात कुणाची पाच वर्षांची चांगली कामंही पुसून टाकू नयेत. जे चांगलं केलं ते लिहावं, जे जमलं नाही ते त्याला तोंडावर सांगितलेलं असावं, आणि विचारणाऱ्या मंडळीलाही तेच सांगावं.

मंडळीपुढे काय जाहीर करायचं ते जाणाऱ्या व्यक्तीबरोबर बसून ठरवावं. मजकूर त्याला आधी वाचायला द्यावा. खरं असेल तेवढंच त्यात असावं. "कौटुंबिक कारणास्तव" असं जे घडलंच नाही ते लिहू नये. घर चर्चचं असेल तर ते सोडायला मुलांची शाळा लक्षात घेऊन मुदत द्यावी. शिल्लक रजेचे पैसे, खर्चाची भरपाई आणि अनुभवाचा दाखला शेवटच्या दिवशी त्याच्या हातात असावा, त्याला त्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लागू नयेत. आणि पुढच्या रविवारी तो उपासनेला आला तर त्याला जागा असावी, नाही आला तर त्याच आठवड्यात पाळकाने त्याच्या घरी जावं. दार उघडेल की नाही, हा निर्णय त्याचा.